'इनहेरिटेड ट्रॉमा'ला मराठीत काय म्हणायचं? आघात की धसका?

प्रश्न असा आलाय की ऑस्ट्रियातल्या एका स्लोव्हेनियन बोलणाऱ्या कुटुंबावरचा लेख मराठीत आणायचाय, दुसऱ्या महायुद्धात घरावर जे गुदरलं ते नातवंडांपर्यंत कसं पोचलं असा विषय, आणि त्यातल्या 'इनहेरिटेड ट्रॉमा'ला 'वारसागत आघात' म्हटलं तर चालेल का.

चालेल, पण लेखभर पाठ्यपुस्तकाचा वास येत राहील. माझी अडचण 'आघात'शीच आहे. आघात ज्याच्यावर होतो त्याच्यावर होतो, आणि त्या क्षणी होतो. 14 एप्रिल 1942 ला नाझींनी कॅरिंथियातल्या (हा ऑस्ट्रियाचा दक्षिणेकडचा प्रांत, तिथले स्लोव्हेनियन लोक याला कोरोश्का म्हणतात) स्लोव्हेनियन बोलणाऱ्या शेकडो लोकांना शेतघरातनं उचलून जर्मनीतल्या छावण्यांत नेलं, हा आघात. 25 एप्रिल 1945 ला, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे राहिले असताना, आयझेनकाप्पेलजवळच्या डोंगरातल्या पेर्शमान नावाच्या घरी एसएस-पोलिसांच्या तुकडीनं 11 जणांना मारलं, त्यात लहान पोरंपण होती, हाही आघातच. (स्लोव्हेनियनमध्ये त्या गावाचं नाव झेलेझ्ना काप्ला, दोन्ही नावांत पहिला शब्द लोखंडाचा, जाता जाता.) पण असल्या घरात 1960 च्या सुमाराला जन्मलेल्या पोरावर कुणी हातसुद्धा उगारलेला नाही. तरी ते संध्याकाळी जंगलाच्या कडेनं जाताना गप्प होतं, दारावर थाप पडली की आईच्या तोंडाकडे बघतं. याला काय म्हणाल?

याला आपल्याकडे 'धसका' म्हणतात. आणि मजा क्रियापदात आहे बघा. आघात होतो, भीती वाटते, धास्ती लागते, हाय खातात, धसका मात्र माणूस घेतो. समोर काही घडलेलं नसलं तरी घेता येतो, दुसऱ्याकडनं घेता येतो. माझी आजी कोयनेच्या भूकंपानंतर रात्री दाराला कडी लावायची नाही. आई त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली, तीही लावत नाही, विचारलं तर म्हणते "सवय." हा आजीचा धसका आईनं घेतला, यात भाषांतर करण्यासारखं काही उरतच नाही.

कुणी म्हणेल धसका हलका शब्द आहे, परीक्षेचाही घेतात. मान्य. म्हणून मी एकच शब्द लेखभर रेटणार नाही. राव्हेन्सब्रुकच्या, म्हणजे नाझींच्या बायकांसाठीच्या छळछावणीतनं परत आलेली आजी असेल तर तिथं आघात, व्रण हे शब्द शोभतात. आणि 'व्रण' तर वापराच, कारण स्लोव्हेनियनमध्ये जखमेला 'राना' म्हणतात आणि तो आणि संस्कृत व्रण एकाच इंडो-युरोपीय मुळातले मानले जातात. ट्रॉमाचाही मूळ ग्रीक अर्थ जखमच. (जर्मन 'ट्राउम' म्हणजे स्वप्न, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, कुणी जोडला तर ऐकू नका.) पण व्रण ज्याचा त्याच्या अंगावर राहतो, पोराला जातो तो धसका.

'इनहेरिटेड'साठी 'आनुवंशिक' अजिबात नको, डायबेटिस वाटतो. 'वारसा'ला आता अभिमानाचा रंग चढलाय, किल्ले नि वाडे डोळ्यापुढे येतात. 'पिढीजात' बरा, कारण पिढीजात वैर आपण म्हणतोच. आणि नातवंडाबद्दल लिहिताना 'बाळकडू' वापरून बघा. हल्ली राजकारणाचं नि गाण्याचं बाळकडू इतकं ऐकतो की ते मुळात कडू असतं हेच विसरलोय. घरातले पुरुष जंगलात पार्टिझानांकडे, म्हणजे नाझींशी लढणाऱ्या गनिमी तुकड्यांकडे गेलेत, पोलीस दारात येऊन लेकरालाच विचारतायत बाप कुठाय, आणि लेकरानं "माहीत नाही" एवढंच म्हणायचं, हे ज्या घरात शिकवावं लागलं तिथं गप्प बसणं पुढच्या पिढीला बाळकडूसारखंच मिळणार. ते 'जंगलात जाणं' तसंच ठेवा, 'भूमिगत होणं' करू नका, त्यानं आपलं बेचाळीस आठवतं आणि वाचक भलतीकडे जातो.

अजून एक. 'इनहेरिटेड' म्हटलं की सगळं आजीच्या काळातनं आलं असं वाटतं, पण तसं नाहीये. 1955 च्या राज्य करारात (ज्यानं ऑस्ट्रिया पुन्हा स्वतंत्र झाला), कलम 7, स्लोव्हेनियन भाषेला हक्क दिले, त्यात गावांच्या नावांच्या जर्मन-स्लोव्हेनियन पाट्याही होत्या. 1972 ला त्या पाट्या खरंच लागल्या तर जमावांनी उपटून टाकल्या, आणि तोडगा निघाला 2011 मध्ये, 164 गावांपुरता. मधल्या काळात मोठ्या झालेल्या माणसानं आजीचा धसका घेतला हे खरं, पण गावाची पाटी उखडलेली त्यानं स्वतः पाहिली. मराठीत आपण 'खपली काढली' म्हणतो ना, ते. त्यामुळे शीर्षकात 'पिढीजात धसका', आजीपाशी 'आघात', नातवापाशी 'बाळकडू', आणि पाट्यांच्या परिच्छेदात खपली.

आणि प्रूफ बघताना स्लोव्हेनियनचं स्लोव्हाक झालंय का तेवढं तपासा, हमखास होतं.