चिंगीच्या काखेतली गाठ

तुझ्या पाळीव उंदरिणीच्या (रॅट), चिंगीच्या काखेत वाटाण्याएवढी गाठ लागली म्हणतेस, तर घाबरू नकोस, पण थांबूही नकोस. मादी उंदरांच्या स्तनांचा भाग मानेपासून जांघेपर्यंत पसरलेला असतो, म्हणून काखेतली गाठही बऱ्याचदा स्तनाचीच निघते. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण वाढतात भराभर. लहान आहे, बोटाखाली सरकतेय, तोवरच काढलेली बरी.

पुण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ. तू सरळ विचार, ‘उंदरावर शस्त्रक्रिया केली आहे का?’ ‘रात्रभर उपाशी ठेवा’ म्हणाले तर पुन्हा विचार, कारण उंदराला उलटी होतच नाही आणि उपाशीपोटी त्याची साखर उतरते.

शस्त्रक्रियेनंतर रिक्षातून घरी आणताना तिचा डबा मांडीवर घे, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेव. भुसा काढून पांढरं सुती कापड अंथर, रक्ताचा ठिपकाही लगेच दिसतो. डोळ्याभोवती, नाकाशी लाल दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं, ताणामुळे येणारा स्राव असतो. माझी उंदरीण पहिल्या रात्री टाके कुरतडत बसली होती. डॉक्टरांनी दिलेलं वेदनेचं औषध केळ्यात कालवून बोटावर चाटवलं, अर्ध्या तासाने माझ्या तळहातावरच झोपली. ते औषध एकही वेळ चुकवू नकोस.