फलाट उंच, पायरी त्याहून उंच

प्रश्न : ताई, आम्ही पेठ तालुक्यातले. माझा भाऊ २४ वर्षांचा आहे, दोन्ही पायांना कॅलिपर आणि कुबड्या. महिन्यातून दोनदा नाशिकला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. फाट्यावर एसटी थांबते पण पायरी एवढी उंच की मी आणि वडील मिळून उचलून चढवतो, सगळी गाडी बघत बसते. आता तो म्हणतो मी येतच नाही. जीपवाला घेतो पण कुबड्या टपावर बांधतो. आमच्याकडे व्हीलचेअर चढेल अशी गाडी कधी येणार आणि हे सांगायचं कोणाला?

भावाला सांगा, ताई पण त्याच्याच पार्टीतली आहे. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओत गेला, एसटीत चढायची माझी पद्धत म्हणजे आधी कुबडी आत सारायची, दोन्ही हातांनी दांडा पकडायचा, मग डावा गुडघा पायरीवर टेकवून वर. ड्रेस गुडघ्यावरच आधी फाटतो. आणि मदत करणारे लोक चांगले असतात हो, पण न विचारता काखेत हात घालून ओढतात, त्यापेक्षा गुडघा परवडला. त्यामुळे तो "येतच नाही" म्हणतो ते मला शंभर टक्के कळतं.

आता गाडीचं. सरकारी मोजमापात बसच्या फ्लोअरच्या तीन उंच्या धरतात, ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. आपली साधी लालपरी वरच्या टोकाला. सगळे पटकन म्हणतात रॅम्प लावा, पण रॅम्पचा हिशोब एकाला बारा असतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे ९०० मिलिमीटरला जवळजवळ ११ मीटरचा रॅम्प, गाडीएवढाच लांब! तो कोण लावणार फाट्यावर? म्हणून मार्ग तीनच, गाडीला लिफ्ट, खालच्या फ्लोअरची गाडी, नाहीतर थांब्याची जमीनच वर आणा. लो फ्लोअर गाडी शहरात ठीक आहे, सावळ घाट उतरून गावोगावचे गतिरोधक घेत ती किती दिवस टिकेल याची मला शंकाच आहे.

लिफ्टची मागणी मात्र सोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ सांगतं की प्रवासाची साधनं आणि थांबे दोन्ही आपल्याला वापरता आले पाहिजेत, तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि सुरक्षित असेल तिथं जुन्या गाड्यासुद्धा सुधारायच्या. शिवाय डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, तो १ मार्च २०२० पासून लागू आहे. त्यात राखीव सीट, धरायला दांडे, कुबडी-वॉकर अडकवायची सोय, व्हीलचेअर चढवायची आणि आत बांधून ठेवायची सोय हे सगळं आलं. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे सगळ्यांना वापरता येण्याचे, नियम नुसते सल्ल्यासारखे नकोत, बंधनकारक पाहिजेत. तेव्हा डेपोत नवी कोरी गाडी दिसली की आत डोकावून बघा यातलं काय काय आहे, नसेल तर अर्जात तेवढंच लिहा.

पण ही लढाई लांबची, भावाला तर पंधरा दिवसांनी जायचंय. म्हणून फाट्याकडे बघू. तिथं फूटभर उंचीचा सिमेंटचा ओटा आणि त्याला बारा फुटांचा उतार एवढं झालं तरी पायरी आवाक्यात येते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, पुष्कळ गावांत तो वर्षाच्या शेवटी घाईघाईत काहीतरी वाटून संपवतात. ग्रामसभेत हात वर करून विचारा, ओट्यासाठी ठराव मागा. थांबा पेठ रोडवरच असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, परवानगीचं कागदपत्र लागेल, ते काम सरपंचांच्या गळ्यात घाला.

आणि ओटा झाला तरी ड्रायव्हरनं गाडी त्याला चिकटवून लावली पाहिजे, नाहीतर सगळं पाण्यात. हे मी का म्हणते, तर आपली बसस्टँडं बघा ना. फलाट छान उंच बांधलेला असतो पण गाडी लागते तोंड पुढं करून आणि दार कुशीला! म्हणजे तुम्ही फलाटावरून आधी खाली उतरायचं, दोन गाड्यांच्या मधल्या बोळात शिरायचं आणि मग खड्ड्यातून पायरी चढायची. एकदा पावसाळ्यात एका स्टँडवर त्या बोळात घोटाभर पाणी, माझी कुबडी कशावर टेकतेय तेच दिसेना, मागून लोक रुमाल टाकून जागा धरायला खिडकीवर लोंबकळलेले. तो उंच फलाट नेमका कोणासाठी बांधलाय हे मला अजून उमगलेलं नाही.

सांगायचं कोणाला : पेठच्या आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज, प्रत नाशिकच्या विभाग नियंत्रकांना, पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अर्जात "सुविधा द्याव्यात" असलं गोल गोल लिहू नका. अमुक फाटा, अमुक वेळेची गाडी, ओट्याला लागून उभी करावी आणि प्रवासी सीटवर बसेपर्यंत कंडक्टरनं डबल बेल देऊ नये, एवढंच लिहा. अर्धे लोक चढताना नाही, त्या टिंगटिंगनंतरच्या झटक्यानं पडतात. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत.

तोपर्यंत माझा जुगाड : फाट्यावरच्या चहावाल्याकडे दुधाचा रिकामा प्लास्टिक क्रेट ठेवून द्या. उलटा ठेवला की एक पायरी तयार, एकानं पायानं दाबून धरायचा म्हणजे सरकत नाही. उचलायचं काम संपतं. भावाला विचारून मगच करा पण!

प्रश्न : मी दिव्यांग आहे, कार्डावर ५५ टक्के. कंडक्टर दर वेळी महिलांचं अर्धं तिकीट फाडतो. बरोबर आहे का? (सिन्नर)

नाही. ४० टक्के आणि वर असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे. महिला सन्मानचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आलं, तेव्हापासून बाई दिसली की मशीनवर बोट तिकडंच जातं. पैसे काढायच्या आधी ओरिजिनल यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पुढं करा, झेरॉक्सवर वाद होतात.

प्रश्न : मला अजिबात दिसत नाही, दिंडोरीहून नाशिकला कॉलेजला येते. परवा कंडक्टर सांगायला विसरला आणि दोन स्टॉप पुढं उतरले. रोज कोणाकोणाला विचारू?

विचारायचा कंटाळा येतो गं, आणि लोक पण "अजून वेळ आहे" म्हणून झोपतात. खरं तर कंडक्टरनं प्रत्येक थांबा मोठ्यानं पुकारला तर त्याला खर्च शून्य, आणि झोपलेले आजोबा पण वेळेत उतरतील. हे पण तुझ्या आगाराला लेखी दे, कॉलेजच्या आणखी चार-पाच मुलींच्या सह्या घे. सध्या कंडक्टरच्या जवळची सीट धर आणि फोनवर नकाशा लावून टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज, एका कानात ठेव, दुसरा कान मोकळा. आणि गाडी फाट्यावर थांबली की चढण्याआधी बोर्ड काय आहे ते दोघांना विचार, एकाला नाही. मी एकदा एकाच्याच भरवशावर चढले, डोळे धडधाकट असून, आणि थेट वणीला पोचले.