वाचक विचारतात: लष्कराच्या व्हिडिओतल्या उडत्या तबकड्या

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): अमेरिकन नेव्हीच्या पायलट लोकांनी डोळ्यांनी बघितलंय, रडारवर आलंय, व्हिडिओ आहेत आणि पेंटागॉननेच ते व्हिडिओ खरे असल्याचं मान्य केलंय. तुम्हाला अजून कसला पुरावा पाहिजे?

उत्तर: अंतराचा. वस्तू किती लांब आहे ते कळल्याशिवाय ती केवढी आहे आणि किती जोरात चाललीय हे कोणीच सांगू शकत नाही, मग तो पायलट वीस वर्षं उडणारा का असेना. पेंटागॉनने २७ एप्रिल २०२० ला तीन व्हिडिओ रिलीज केले हे खरंय, पण त्यांनी मान्य केलं ते एवढंच की व्हिडिओ नेव्हीचेच आहेत आणि आत काय दिसतंय त्याची ओळख पटलेली नाही. परग्रहवासी वगैरे आपण आपल्या पदरचं घातलं.

आता त्यातला 'गोफास्ट' नावाचा व्हिडिओ घ्या, कारण त्यात आकडे स्क्रीनवरच आहेत. समुद्रावरून एक पांढरा ठिपका सुसाट पळतोय आणि पायलट आनंदाने ओरडतायत. स्क्रीनवर लिहिलंय की विमान २५,००० फुटांवर आहे, टार्गेट लॉक झालं, म्हणजे कॅमेरा वस्तूवर खिळला, तेव्हा तो २६ अंश खाली बघतोय आणि अंतर ४.४ सागरी मैल. नववीचा त्रिकोण मांडा, ठिपका विमानाच्या साधारण ११,७०० फूट खाली येतो, म्हणजे समुद्रापासून १३,००० फूट वर! पाण्याला चिकटून चाललाय असं वाटतं ते सगळं खोटं ठरतं. विमान स्वतः ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर चाललेलं, त्यामुळे पळतोय तो मुळात मागचा समुद्र, एसटीच्या खिडकीतून जवळची बाभळ मागच्या डोंगरावरून झपकन सरकते ना, तसं. नासाच्या समितीने २०२३ च्या रिपोर्टमध्ये हेच गणित केलं आणि वेग काढला ताशी ४० मैलांच्या आसपास. एवढ्या वेगाने त्या उंचीवरच्या वाऱ्याबरोबर फुगासुद्धा जातो.

प्रश्न (ठाण्याहून): ठीक आहे, गोफास्ट सोडा. २००४ च्या निमिट्झ केसचं, म्हणजे त्या अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या पायलट लोकांना दिसलं त्याचं काय? तिथे तर चार जणांनी एकदम बघितलं. ते चौघंही खोटं बोलतात का?

उत्तर: अजिबात नाही, आणि खोटं कोण बोलतंय हा प्रश्न मुळात कामाचाच नाही. केस अशी, १४ नोव्हेंबर २००४, सॅन दिएगोजवळचा समुद्र, प्रिन्स्टन नावाच्या युद्धनौकेच्या रडारवर काहीतरी दिसतंय म्हणून कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि अ‍ॅलेक्स डिट्रिक यांची दोन एफ-१८ विमानं तिकडे वळवली, प्रत्येकात दोन माणसं. खाली एका जागी पाणी उकळल्यासारखं आणि त्यावर टिकटॅकच्या गोळीसारखी पांढरी वस्तू, पंख नाही, धूर नाही, फ्रेव्हरच्या अंदाजाने ४० एक फूट लांब, तो जवळ जायला लागला तर ती निघूनच गेली.

सगळ्या केसेसमध्ये मला हीच खरी अडचणीची वाटते, सांगून टाकतो. फुगा म्हणून उडवून लावणारे लोक पाण्याचं आणि त्या हालचालीचं काय करायचं ते सांगत नाहीत. पण दुसरी बाजूही बघा, ४० फूट हा आकडा अंतराच्या अंदाजावर उभाय आणि निळ्या समुद्रावर पांढरी गुळगुळीत वस्तू असली की डोळ्याला अंतर धरायला काहीच नसतं. जो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय तो फ्रेव्हरचा नाही, नंतर उडालेल्या चॅड अंडरवुड नावाच्या नेव्ही अधिकाऱ्याचा आहे. आणि त्यात शेवटी वस्तू डावीकडे सटकते ना, ते नेमकं कॅमेऱ्याचा झूम बदलून लॉक सुटतो तेव्हाच, असे व्हिडिओ तपासणाऱ्या मिक वेस्ट यांनी हे फ्रेम-फ्रेम करून दाखवलंय. राहता राहिलं प्रिन्स्टनचं रडार, तर त्याचा मूळ डेटा लोकांसमोर आलेलाच नाही, आपल्याकडे आहेत त्या ऑपरेटर लोकांच्या आठवणी. म्हणून ही केस उघडी आहे, पण सिद्ध झालीय म्हणून नव्हे तर तपासायला हातात काही नाही म्हणून.

प्रश्न (कराडहून): २०२१ च्या अमेरिकन सरकारी रिपोर्टमध्ये अशा १४४ घटनांपैकी फक्त एकीचा उलगडा झाला म्हणे?

उत्तर: हो, आणि तो एक निघाला हवा जात असलेला मोठा फुगा. उरलेल्या १४३ बद्दल त्याच रिपोर्टने माहिती अपुरी आहे असं म्हटलंय, ते व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी फॉरवर्ड करत नाही.

प्रश्न (नाशिकहून): माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी अमेरिकन संसदेत शपथेवर सांगितलं की सरकारकडे परकी यानं आहेत. शपथेला काही किंमत आहे की नाही?

उत्तर: आहे, पण जुलै २०२३ च्या त्या सुनावणीत त्यांनी जे सांगितलं ते इतरांकडून ऐकलेलं होतं, यान स्वतः पाहिलेलं नव्हतं. पेंटागॉनच्या तपास कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये जुनं रेकॉर्ड तपासून परग्रही तंत्रज्ञानाचा पुरावा नाही असं जाहीर केलं. त्यावर लोक म्हणतात पेंटागॉन लपवतंय. असेलही बाबा, पण मग व्हिडिओ खरे आहेत हे सांगणारं पेंटागॉन तुम्हाला कसं चालतं?

प्रश्न (साताऱ्याहून एक निवृत्त जवान): आपल्या सैन्याने असं काही पाहिलंय का?

उत्तर: पाहिलंय साहेब, आणि मला तर हीच केस सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. २०१२ मध्ये लडाखला पँगाँगच्या परिसरात जवानांना आकाशात चमकत्या वस्तू दिसायला लागल्या, महिनोन्महिने, शेकड्यांनी नोंदी झाल्या. चिनी ड्रोन असणार असाच संशय, सीमेवर दुसरं काय वाटणार! रडार लावलं, त्यावर काही येईना. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं आणि वस्तू कधी, कुठे, ताऱ्यांच्या तुलनेत कशी सरकते हे नोंदवलं तर एक निघाला गुरू आणि दुसरा शुक्र. चौदा हजार फुटांवरची ती स्वच्छ हवा, त्यात शुक्र केवढा दिसत असेल विचार करा. जवान प्रामाणिक होते, डोळे तयार होते, नजर ठेवणं हेच काम होतं, आणि तरीही असं झालं, म्हणून पायलट कधी फसत नाहीत हे वाक्य मला पटत नाही. उलट आपल्या जवानांनी नोंदी नीट ठेवल्या म्हणून तर उलगडा झाला.

प्रश्न (चंद्रपूरहून): गच्चीवरून असं काही दिसलं तर नेमकं काय करायचं?

उत्तर: तुम्हाला तर माहीतच असेल, २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे गेले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला लोखंडी कड्यासारखं मोठं रिंगण पडलं. चिनी रॉकेटचा अवशेष असावा हे लगेच सांगता आलं कारण वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी व्हिडिओ काढले होते आणि वेळ जुळत होती. तर व्हिडिओ काढताना झूम करत बसू नका, फ्रेममध्ये घराचा कोपरा, टॉवर, काहीतरी ठेवा. वेळ मिनिटासकट लिहा, दिशा लिहा. लांब गावातल्या नातेवाइकाला फोन करून त्यालाही काढायला सांगा, दोन जागांवरून दिशा मिळाली की अंतर निघतं. ओळीने चाललेले दिवे दिसले तर आधी स्टारलिंकचे उपग्रह आहेत का ते अ‍ॅपवर बघा, आणि मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कॉपी तपासायला फार उपयोगाची नसते.