आठवडाभर उचकी आणि उलट्या, एंडोस्कोपी नॉर्मल. हे मेंदूचं दुखणं असू शकतं का?

हो, क्वचित असतं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, हा मुख्यतः डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर घाला घालणारा ऑटोइम्यून आजार आहे. त्यात शरीराचीच अँटीबॉडी अ‍ॅक्वापोरिन-४ या पेशीत पाण्याची ये-जा घडवणाऱ्या प्रथिनावर उलटते. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या जरा वर, 'एरिया पोस्ट्रेमा' नावाचं उलटीचं केंद्र असतं. तिथे हे प्रथिन भरपूर, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पहारा मात्र ढिला. म्हणून पहिला घाव कधीकधी तिथेच बसतो आणि पोट बिचारं उगाच बदनाम होतं.

२०१५च्या निदान-निकषांत ही उचकी-उलटी सहा मुख्य लक्षणांपैकी एक आहे. ती दिवसचे दिवस टिकते, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. खरी फसगत पुढे: काही वेळा ती आपोआप थांबते, सगळे विसरतात, आणि मग एखाद्या डोळ्याची नजर जाते किंवा पाय लुळे पडतात.

न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. एमआरआय आणि अ‍ॅक्वापोरिन-४ अँटीबॉडीची रक्ततपासणी करतात. पूर्वी कधी डोळा दुखून अंधुक दिसलं असेल तर तेही सांगा, कुणी विचारलं नाही तरी. नजर कमी झाली, पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.