गुणायचं की भागायचं?

अकरावी सायन्सची विद्यार्थिनी आईसोबत आली होती. मोलची (रसायनशास्त्रात पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) सूत्रं तोंडपाठ, पण चाचणीतली जवळजवळ सगळी न्यूमरिकल्स चुकलेली. आईचा प्रश्न बऱ्याच पालकांचा असतो: “सायन्स झेपत नसेल, तर आत्ताच शाखा बदलायची का?” त्याआधी वही बघणं गरजेचं होतं.

उदाहरण असं: ५.४ ग्रॅम ॲल्युमिनियमची भरपूर हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया झाली, तर ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला किती लिटर हायड्रोजन मिळेल? तिने ५.४ ला २७ ने गुणून १४५.८ मोल काढले होते. आकड्यांपुढे एककं नव्हतीच. लिहिली असती, तर उत्तरात ‘ग्रॅमचा वर्ग भागिले मोल’ आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

सूत्र बाजूला ठेवायला सांगितलं. १ मोल ॲल्युमिनियम म्हणजे २७ ग्रॅम. याचा अपूर्णांक कसाही मांडला तरी किंमत १ च. मग कोणता घ्यायचा? जे एकक घालवायचंय ते छेदात असलेला.

५.४ ग्रॅम × (१ मोल / २७ ग्रॅम) = ०.२ मोल

इथून तिने थेट २२.४ ने गुणलं: ४.४८ लिटर. ही चूक जास्त फसवी, कारण एककं नीट कटतात आणि तरी उत्तर चुकतं. ०.२ मोल ॲल्युमिनियमचे आहेत, या तापमान-दाबाला २२.४ लिटर मात्र १ मोल हायड्रोजनचे. म्हणून एककाशेजारी पदार्थाचं नावही हवंच. संतुलित समीकरणात २ मोल ॲल्युमिनियममागे ३ मोल हायड्रोजन मिळतो:

०.२ मोल ॲल्युमिनियम × (३ मोल हायड्रोजन / २ मोल ॲल्युमिनियम) = ०.३ मोल हायड्रोजन

०.३ × २२.४ = ६.७२ लिटर. दाब १ बार दिला असेल, तर २२.४ ऐवजी २२.७ घ्यायचे.

आणखी दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात. १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर, पण १ घन सेंटिमीटर म्हणजे १००० घन मिलिमीटर. गुणकाचाही घन करावा लागतो. आणि सेल्सिअसचं केल्व्हिन करताना गुणक चालत नाही, २७३ मिळवावे लागतात.

तिला रोज दोनच उदाहरणं दिली: आकडेमोड करायची नाही, फक्त एककं आणि पदार्थांची नावं लिहून साखळी पूर्ण करायची. आईला सांगितलं, हा मांडणीचा प्रश्न आहे; यावरून शाखा बदलू नका.