जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेताय? आधी ट्रॅफिकमध्ये चालवा

भाऊ, जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतोयस म्हणालास, अभिनंदन वगैरे नंतर, आधी मालकाला फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नकोस. इंजिन थंड असतानाच स्टार्ट कर, टर्बो पेट्रोल आहे, पहिल्या दहा सेकंदात खडखड आली किंवा निळा धूर दिसला तर पुढे बोलायचंच नाही.

आता 2017 ची आरएस 230 म्हणजे 230 पीएस (इंजिनची ताकद, हॉर्सपॉवरसारखंच माप), हायवेवर दाबली की कुणीही प्रेमात पडणारच, पण तू रोज ऑफिसला नेणार ना, मग पुण्यात बाणेर ते स्वारगेट संध्याकाळी सातला चालव, बंपर टू बंपर, आणि डीएसजी (हिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देते का बघ, रिव्हर्स टाकताना पण बघ. हिचा डीएसजी सहा गिअरचा, वेट क्लचवाला (क्लच तेलात बुडालेला) आहे, त्याचं ऑइल 60,000 किमीला बदलावं लागतं, बिल मागच, "केलंय हो" वर विश्वास नको.

घरचे चौघं बसवून तुमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर ओलांडून बघ (माझी खाली घासायची, बायको अजून ऐकवते).

टायरवर 2319 असं काही लिहिलं असेल तर 2019 चा 23वा आठवडा, म्हणजे टायर जुने, चारही बदलायचा खर्च धर. आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर बँकेचा बोजा चेक कर. रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) असेल तर मी तरी घेणार नाही.