जिप्सीचं स्टेअरिंग साठच्या पुढे थडथडतं, अलाइनमेंट करूनही फरक नाही. गॅरेजवाला डँपर बदला म्हणतोय. बदलू का?

नका बदलू. डँपर म्हणजे स्टेअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअब्सॉर्बर. तो थडथड दाबून ठेवतो, खालची ढिलाई तशीच राहते आणि वाढत जाते. अलाइनमेंटचे पैसेही वायाच गेले. जिप्सीला पुढे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, त्यामुळे अलाइनमेंटमध्ये फक्त टो-इन (चाकांची तोंडं समोर किती आत वळलेली) बदलता येतं. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) यांचे आकडे स्क्रीनवर दिसतात, पण ते फिरवायला गाडीला नटच नाही.

आमच्या घरात यावरून मोठा वाद झालाय, म्हणून लिहितोय. मेहुण्यांची जिप्सी सातारा रोडला पुलाच्या जॉइंटवरून गेली की स्टेअरिंग दोन्हीकडे आपटायचं, वेग पार खाली आणल्याशिवाय थांबायचं नाही. मेहुण्यांनी बॅलन्सिंग केलं, मग नाना पेठेतून जाडजूड डँपर आणून लावला. पावसाळा बरा गेला आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा तेच.

शेवटी आमच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली झोपलो. चाकं जमिनीवरच, भाच्याला स्टेअरिंग थोडं डावी-उजवी हलवायला सांगितलं आणि टाय रॉड, ड्रॅग लिंक या स्टेअरिंगच्या दांड्यांच्या प्रत्येक एंडवर हात ठेवून पाहिलं. सगळं घट्ट. मग जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, टकटक लागली. भाच्याला ब्रेक दाबून धरायला लावला तरी टकटक तशीच. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलाई) गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवी वळतं त्यांचं. टाय रॉड सोडवला तर नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एका बोटाने फिरत होता. तो जड फिरला पाहिजे. मॅन्युअलमध्ये आकडा आहे, हुकाचा ताणकाटा लावून मोजतात. बेअरिंगं धड होती, म्हणून वर-खाली सारख्याच शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी केल्या, काट्यावर ओढ बरोबर आली आणि थडथड बंद झाली. त्या जाड डँपरशिवाय!

मेहुणे अजून म्हणतात, ‘त्याच आठवड्यात नवे टायर टाकले होते, त्याने गेलं.’ म्हणून जुनेच टायर पुन्हा चढवून त्यांना शेजारी बसवलं आणि त्याच पुलांवरून सत्तर-ऐंशीने गाडी नेली. स्टेअरिंग हललं नाही. तरी पटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तुमच्या गाडीला लांब शॅकल (पाट्यांचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) घातले असतील तर मात्र आधी ते काढा, पुढे लांब शॅकलने कॅस्टर कमी होतो. पाट्यांचे बुश आणि यू-बोल्टही बघा. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलाई घालवायला जाऊ नका, जास्त आवळला की स्टेअरिंग वळणावरून परत येत नाही. आणि हे सगळं जिप्सीचं. महिंद्राच्या जुन्या थार सीआरडीईला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं) आहे, तिथे किंगपिन नाही, बॉल जॉइंट तपासायचे.